गिरणी मठाची, दळण गावाचं: मध्ययुगीन इंग्लंडमधलं रोजचं जगणं

पायवाट

लंडनहून उत्तरेला दिवसभर चाललं की सेंट अल्बन्स लागतं. तिथे बेनेडिक्टाईन साधूंचा बलाढ्य मठ होता आणि गाव त्या मठाच्या मालकीचं. धान्य मठाच्या गिरणीतच दळायचं, लोकरीचं कापड मठाच्याच पाणचक्कीवर कुटून घ्यायचं, वर दळणावळ मोजायची, असा दंडक. घरात जातं ठेवायला बंदी. गावाने हे मनापासून कधीच मानलं नाही. १२७४ मध्ये राणी एलेनॉर गावात आली तेव्हा बायकांनी रस्त्यातच तिच्यापुढे गाऱ्हाणं घातलं. १३२७ मध्ये उठाव करून गावाने मठाकडून सनद मिळवली आणि लगोलग घरोघरी मिळून ऐंशीच्या आसपास जात्यांची घरघर सुरू झाली.

त्याच वर्षी मठाधिपती बदलला. नवा आला तो रिचर्ड ऑफ वॉलिंगफर्ड. त्याने काही वर्षांत सनद परत घेतली, सगळ्या जात्यांचे दगड मठात उचलून आणले आणि बैठकीच्या खोलीत फरशी म्हणून बसवले. गावचा माणूस काही कामासाठी मठात आला की त्याचा पाय त्याच्या आईच्या जात्यावर पडायचा.

जून १३८१ मध्ये, लंडनमध्ये वॉट टायलरच्या पुढारपणाखाली शेतकऱ्यांचं बंड पेटलेलं असताना, गावकरी त्या खोलीत शिरले. त्यांनी फरशी उखडली, दगड फोडले आणि तुकडे वाटून घेतले. हे लिहून ठेवलंय त्याच मठातल्या टॉमस वॉल्सिंगहॅम या साधूने, आणि तो गावकऱ्यांचा कट्टर विरोधक होता. रविवारी चर्चमध्ये आशीर्वादाची भाकर मोडून वाटतात तसे ते तुकडे वाटले गेले, असं तो सांगतो.

मध्ययुगीन युरोपची समाजरचना म्हणून शाळेत तीन थर शिकवतात: प्रार्थना करणारे, लढणारे आणि राबणारे. ही मांडणी ठसठशीतपणे केली ती फ्रान्समधल्या लाँ या गावच्या अ‍ॅडलबेरो नावाच्या बिशपने, १०३०च्या आसपास, राजासाठी लिहिलेल्या कवितेत. समाज असा असावा ही बिशपची इच्छा. राबणाऱ्याला त्या रचनेचा चटका बसायचा तो गिरणीत, मुलीच्या लग्नात, बाप मेल्यावर गोठ्यात. म्हणून मला त्या त्रिकोणापेक्षा हे जात्याचे तुकडे जास्त खरे वाटतात. मध्ययुग समजून घ्यायचं तर सुरुवात इथून करावी, असं माझं ठाम मत आहे.

तेराव्या शतकातल्या इंग्लंडमधलं एखादं बांधील कूळ घ्या. तिथे त्याला व्हिलन म्हणत. तो गुलाम नव्हता. घर, बैल, भांडीकुंडी त्याच्या हाताखाली असत आणि जमीन बापाकडून मुलाकडे जाई. पण कायद्याच्या नजरेत ते सगळं मालकाचं. पूर्ण वाटा असलेल्या कुळाकडे तीसेक एकर, बहुतेकांकडे त्याच्या निम्मी किंवा त्याहून कमी, आणि झोपडीपुरती जागा असलेल्यांना मजुरीशिवाय गत्यंतर नाही. जमीन एका जागी नसे. गावाच्या दोन-तीन अफाट उघड्या शिवारांमध्ये लांबट पट्ट्या विखुरलेल्या. एका शिवारात गहू किंवा राय, दुसऱ्यात जव, ओट, वाटाणा, तिसरं पडीक, आणि दरवर्षी फेरपालट. नांगराला आठ-आठ बैल जुंपावे लागत. एवढे बैल एका घरात कुठून असणार? त्यामुळे शेजाऱ्याशी कितीही वाकडं असलं तरी नांगरटीला एकत्र यावंच लागे.

त्यावर वेठ. आठवड्यातले दोन-तीन दिवस मालकाच्या खाजगी शेतात फुकट राबायचं. सुगीत त्याहून जास्त, नेमकं स्वतःचं पीक उभं असताना. चर्चला उत्पन्नाचा दहावा हिस्सा. मुलीचं लग्न ठरलं की मालकाला पैसे. माणूस मेला की गोठ्यातलं सर्वांत चांगलं जनावर मालकाचं, आणि पुष्कळ ठिकाणी त्याखालचं पाद्रीबाबाचं. नुकत्याच विधवा झालेल्या बाईच्या दारातून एकापाठोपाठ एक दोन जनावरं सोडून नेली जात आणि त्याची रीतसर नोंद होई.

ही नोंद फार महत्त्वाची. दर काही आठवड्यांनी मालकाचं गावन्यायालय भरे. ज्यूरी गावचेच लोक, आणि कामकाजाच्या लॅटिन नोंदी चामड्याच्या गुंडाळीवर. कोणी शेजाऱ्याच्या पट्टीत नांगर घातला, कोणाची डुकरं पिकात शिरली, कोणी वेठीला आलं नाही, कोणी घरी दळलं. प्रत्येकाला दोन-चार पेनी दंड. गावातूनच निवडलेला रीव्ह वर्षभर मालकाचा हिशोब सांभाळी. त्याला बहुधा लिहिता येत नसे. लाकडी काठीवर खाचा पाडायच्या आणि काठी उभी चिरून दोन्ही बाजूंनी एकेक अर्धी ठेवायची. वाद झाला तर दोन्ही अर्ध्या जोडून बघायच्या. २९ सप्टेंबरला, मायकलमसच्या दिवशी, तो काठ्या घेऊन हिशोब द्यायला उभा राही. तूट आली तर भरपाई त्याच्या खिशातून.

अशा माणसांना कागदाचं महत्त्व कोणी शिकवावं लागलं नाही. १३७७ मध्ये दक्षिण इंग्लंडमधल्या चाळीसेक गावांनी वर्गणी काढून डूम्सडे बुकातल्या आपापल्या गावच्या नोंदींच्या अधिकृत नकला विकत घेतल्या. डूम्सडे म्हणजे विल्यम राजाने १०८६ मध्ये करवून घेतलेली देशाची पाहणी. आमचं गाव पूर्वी थेट राजाचं होतं, तेव्हा आमच्यावर जास्तीची वेठ लादता येत नाही, असा त्यांचा दावा. जवळपास तीनशे वर्षांपूर्वीचं दप्तर हुडकून मालकावर उलटवणारे हे शेतकरी. नकलांचा उपयोग झाला नाही. चार वर्षांनी एसेक्स आणि केंटमध्ये गावोगावच्या गुंडाळ्या जळाल्या.

सेंट अल्बन्सच्या लोकांनी तर मठाकडे एक विशिष्ट सनदच मागितली. ऑफा राजाने दिलेली, जिची आद्याक्षरं एक सोन्याचं आणि एक निळं अशी रंगवलेली आहेत. ऑफा आठव्या शतकातला. मठाने सांगितलं, अशी सनद अस्तित्वातच नाही. गाव ऐकेना. आपलं स्वातंत्र्य कुठेतरी लिहिलेलं आहे आणि यांनी ते दडवलंय, यावर त्यांचा पक्का विश्वास होता.

रिचर्ड ऑफ वॉलिंगफर्डबद्दल आणखी थोडं. तो लोहाराचा मुलगा. लहानपणी बाप गेला, वॉलिंगफर्डच्या मठप्रमुखाने सांभाळलं, ऑक्सफर्डला शिकवलं. पुढे तो गणिती झाला. त्याने मठासाठी आखलेलं खगोलीय घड्याळ त्या शतकातल्या थोर यंत्रांमध्ये गणलं जातं. लोहाराच्या पोराला मठाधिपती होऊ देणारी आणि त्याच पोराकडून गावची जाती जप्त करवून घेणारी ही व्यवस्था होती. त्याच्याविषयी मला आदरही वाटतो आणि रागही येतो.

तुमच्या वाचनातलं काही असेल तर जरूर लिहा.

---

रानजाई

खूपच छान लिहिलंय, पुढील लेखनास शुभेच्छा. एक विचारते. मुलीच्या लग्नाला मालकाला पैसे द्यायचे असं लिहिलंय. सिनेमांमध्ये दाखवतात तो 'पहिल्या रात्रीचा हक्क' म्हणजे हेच का?

पायवाट

नाही. तो हक्क मध्ययुगात कुठे कायदा किंवा रूढी म्हणून चालत होता, याला भरवशाचा पुरावा नाही. त्या कथा बहुतांशी नंतरच्या शतकांमध्ये फोफावल्या. लग्नाचा कर मात्र पक्का. त्याला मर्चेट म्हणत आणि गावन्यायालयांच्या दप्तरात तो पानोपानी सापडतो. गावाबाहेर लग्न झालं तर रक्कम सहसा जास्त, कारण मालकाच्या हातून एक राबणारी बाई आणि तिची पुढची मुलंबाळं जायची. लग्नाआधी संबंध ठेवल्याबद्दल वेगळा दंड होता आणि तो मुलीवर बसे. दंतकथेमुळे लोक या खऱ्या अपमानाकडे बघतच नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

तिफण

आम्ही शेतीवाले, म्हणून पहिला प्रश्न उताऱ्याचा. वेठ, चर्च, गिरणी एवढं सगळं जाऊन घरात काय उरायचं?

पायवाट

फार थोडं. गव्हाचा उतारा साधारणपणे पेरलेल्या बियाण्याच्या तिप्पट-चौपट. चार पोती आली तर एक बियाण्याला बाजूला, दहावा हिस्सा चर्चला, दळताना सोळावा ते चोविसावा हिस्सा गिरणीत. शिवाय खंड भागवण्यासाठी चांगला गहू बाजारात विकायचा. म्हणून घरात राय, जव किंवा मिश्र धान्याची काळपट भाकर, वाटाणा-घेवडा-कोबी घालून रटरटवलेलं कालवण आणि जवाची बिअर. बटाटा, मका, टोमॅटो हे सगळं कोलंबसानंतरचं.

एवढ्या काठावरच्या हिशोबात पाऊस चुकला की संपलं. १३१५ च्या उन्हाळ्यात पाऊस थांबलाच नाही, पुढच्या वर्षीही तेच. उत्तर युरोपभर तो महादुष्काळ १३१७ पर्यंत चालला. मागोमाग गुरांवर रोग आला आणि नांगराचे बैल गेले. ही बैलांची मर इतिहासाच्या पुस्तकात एका ओळीत उरकतात. तुम्हाला त्याचा अर्थ सांगायला नको.

तिफण

बैल गेले म्हणजे पुढची दोन-तीन वर्षं गेलीच. पाऊस नीट झाला तरी नांगरणार कशाने?

सावरीचा_कापूस

सुंदर धागा. पण मध्ययुगातला शेतकरी वर्षात जेमतेम १५० दिवस काम करायचा, बाकी सगळे सणवार, असं सोशल मीडियावर सारखं फिरत असतं. तो आपल्यापेक्षा सुखी होता असा त्याचा सूर असतो. यात तथ्य किती?

उंबरठा

मी उत्तर देते. सण भरपूर होते हे खरं. रविवार सोडूनही चाळीस-पन्नास दिवस चर्चने पाळायला लावलेले. पण १५० सारखा आकडा धरताना दुसऱ्याच्या शेतात केलेले दिवस मोजले जातात. आपल्या पट्ट्या नांगरायच्या, सरपण आणायचं, छपराला पेंढा घालायचा, मेंढ्या कातरायच्या, हे त्यात येतच नाही. आणि बायकांचं काम तर कुठल्याच मोजणीत नाही. पाणी आणणं, चरख्याच्या आधीच्या काळात हातचातीवर दिवसभर सूत कातणं, गुरांच्या धारा, बिअर गाळणं. इंग्लंडमध्ये ११९४ पासून कॉरोनर होते आणि अपघाती मृत्यूंची चौकशी त्यांच्याकडे असे. त्या दप्तरांत पाणी भरताना विहिरीत किंवा ओढ्यात पडून गेलेल्या बायका आहेत, आई कामात असताना चुलीजवळ भाजलेली तान्ही मुलं आहेत. ते वाचल्यावर सुट्ट्यांचा हिशोब करावासा वाटत नाही.

बायकांचा विषय निघालाच आहे तर सिसिलिया पेनिफेडरबद्दल सांगते. नॉर्थॅम्प्टनशायरमधल्या ब्रिगस्टॉक गावची शेतकरी बाई, जन्म १२९५च्या सुमाराचा, मृत्यू १३४४. राणी नाही, संत नाही, कोणा सरदाराची बायकोही नाही. तिने लग्नच केलं नाही. स्वतःच्या नावावर जमीन घेत गेली, गावन्यायालयात जात-येत राहिली. तिचं आयुष्य आज उभं करता येतं ते पायवाट यांनी सांगितलेल्या त्याच गुंडाळ्यांमुळे. लग्न झालेल्या बाईची जमीन नवऱ्याच्या ताब्यात जायची. सिसिलियाची तिच्याच हातात राहिली. पण गावचं कुठलंही पद तिला मिळणं शक्य नव्हतं. रीव्ह पुरुष, ज्यूरी पुरुष. बिअर गाळून विकणाऱ्या बहुतेक बायका, आणि त्यांची बिअर चाखून दंड लावणारे अधिकारी मात्र पुरुषच.

रानजाई

सिसिलियाची माहिती पहिल्यांदाच वाचली. धन्यवाद उंबरठा ताई.

शेरवूडचा_वाटसरू

मी नॉटिंगहॅमला असतो. इथून जवळ लॅक्स्टन नावाचं गाव आहे, तिथे उघड्या शिवारांची पद्धत आजही चालू आहे. वेस्ट फील्ड, साउथ फील्ड आणि मिल फील्ड अशी तीन शिवारं. मध्ये कुंपण नाही, भिंत नाही, नजर जाईल तिथवर एकसलग जमीन. नोव्हेंबरच्या अखेरीला ज्यूरी शेतात फिरते, हद्दीच्या खुंट्या ठोकते आणि कोणाचा नांगर सामाईक गवती वाटेत घुसला असेल तर दंड लावते. नंतर गावातल्या पबमध्ये ते न्यायालय भरतं. नांगर आता ट्रॅक्टरचा, शेतकरी स्वतंत्र, पण भांडण तेच: तू माझ्या बाजूला वीतभर सरकलास. गावाचा १६३५ चा नकाशा उपलब्ध आहे, त्यात एकेक पट्टी मालकाच्या नावानिशी दिसते. इकडे कोणी येणार असेल तर जरूर कळवा, मी घेऊन जाईन.

पायवाट

वा! हे ठाऊक होतं, पण डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाकडून ऐकणं वेगळंच.

काळा_फळा

शिकवण्याच्या निमित्ताने या विषयाशी रोजचा संबंध येतो, म्हणून एक भर घालतो. तीन थरांच्या मांडणीत ज्यूंना जागाच नव्हती. इंग्लंडमध्ये ते कायद्याने थेट राजाचे. राजा त्यांना संरक्षण देई आणि हवं तेव्हा पिळून घेई. कर्ज देणं हा त्यांचा मुख्य व्यवसाय बनला, कारण जमीन आणि व्यापारसंघ यांची दारं त्यांना बंद होती. मार्च ११९० मध्ये यॉर्कच्या ज्यूंनी जमावापासून वाचण्यासाठी किल्ल्याच्या बुरुजात आसरा घेतला. तिथे सुमारे १५० माणसं मेली, अनेकांनी आपल्या कुटुंबासह स्वतःच प्राण दिले. त्यानंतर जमाव यॉर्कच्या मोठ्या चर्चमध्ये गेला आणि तिथे ठेवलेले कर्जरोखे जाळून टाकले. जमावाच्या पुढाऱ्यांमध्ये कर्जात बुडालेले उमराव होते. चार वर्षांनी राजाने कर्जरोख्यांच्या नकला सरकारी पेट्यांमध्ये ठेवायचा नियम केला. माणसं वाचावीत यासाठी नव्हे, राजाचा महसूल बुडू नये म्हणून. आणि १२९० मध्ये सगळ्या ज्यूंना देशाबाहेर काढलं. दप्तर जाळणं म्हणजे नेहमीच दुबळ्यांचा उठाव, असं समजू नये एवढंच म्हणणं.

पायवाट

मोलाची भर. हे या धाग्यात असायलाच हवं होतं.

सह्यवारा

काळा_फळा यांच्या मुद्द्याला धरूनच लिहितो. १३८१ च्या बंडखोरांबद्दल लेखात जरा जास्तच जिव्हाळा आहे. त्याच जमावाने लंडनमध्ये फ्लेमिश विणकरांना आणि व्यापाऱ्यांना रस्त्यावर ओढून कापलं. कॅंटरबरीचा आर्चबिशप सायमन सडबरी आणि खजिनदार रॉबर्ट हेल्स यांची मुंडकी उडवली. सडबरी आणि हेल्सवर कराचा राग होता हे समजू शकतो. त्या फ्लेमिश कामगारांनी कोणाचं काय बिघडवलं होतं?

पायवाट

काहीच नाही. त्या हत्यांचं समर्थन कोणी करू नये, मी तर नाहीच नाही. जिव्हाळा आहे तो मागण्यांबद्दल. थोडी मागची हकिकत सांगतो.

प्लेग जून १३४८ मध्ये डॉर्सेटच्या किनाऱ्यावर उतरला आणि पुढच्या दीड वर्षात इंग्लंडची तिसरा हिस्सा ते निम्मी माणसं गेली. मजूर मिळेना तेव्हा मजुरी वाढली. त्यावर १३४९ मध्ये वटहुकूम आणि १३५१ मध्ये कायदा आला: मजुरी प्लेगच्या आधीइतकीच घ्यायची. कापणीला ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात दिवसाला दोन पेनी, दुसऱ्यात तीन. जास्त मागणाऱ्याला गावच्या खोड्यात अडकवायचं. १३६३ मध्ये तर कोणी कुठल्या भावाचं कापड वापरावं याचाही कायदा केला. नांगऱ्याने, गुराख्याने बारा पेनी वाराचं जाडंभरडं कापडच घालायचं. तो कायदा टिकला नाही, लवकरच मागे घ्यावा लागला. मग डोईपट्टी. १३७७ मध्ये माणशी चार पेनी, आणि १३८० साली मंजूर झालेली माणशी एक शिलिंग, म्हणजे बारा पेनी, तिप्पट. मे १३८१ अखेर ब्रेंटवुडला वसुलीवरून ठिणगी पडली. १४ जूनला माईल एंडच्या मैदानात चौदा वर्षांच्या रिचर्ड राजासमोर लोकांनी मागितलं काय, तर वेठीतून मुक्ती आणि एकरी चार पेनी खंड. राजाने हो म्हटलं, तिथल्या तिथे कारकून सनदा लिहायला बसले. दुसऱ्या दिवशी वॉट टायलर मारला गेला. २ जुलैला त्या सनदा रद्द झाल्या. सेंट अल्बन्सचा पुढारी विल्यम ग्रिंडकॉब फासावर गेला, आणि जॉन बॉल या पाद्र्याला राजाच्या उपस्थितीत त्याच गावात हालहाल करून मारलं.

सावरीचा_कापूस

म्हणजे हाती काहीच लागलं नाही? मग वेठ गेली कधी आणि कशी?

पायवाट

एका दिवसात गेली नाही, कुठल्या कायद्याने बंद केली असंही नाही. माणसं कमी आणि पडीक जमीन भरपूर, तेव्हा एका मालकाने छळलं की कूळ रातोरात पळून पलीकडच्या मालकाकडे जाई, आणि तो न विचारता ठेवून घेई. शहरात वर्ष आणि एक दिवस काढला तर बरेच ठिकाणी माणूस मोकळा मानला जाई. मालकांनाही कळून चुकलं की जबरदस्तीच्या वेठीपेक्षा रोख खंड परवडतो. पंधराव्या शतकात वेठ झपाट्याने ओसरली. सगळीकडे त्याचा फायदा कुळालाच झाला असं नाही. यॉर्कशायरमधलं व्हॅरम पर्सी १५०० च्या सुमारास मेंढ्यांच्या चराईसाठी ओस पाडलं गेलं. आज तिथे पडकं चर्च आणि घरांचे उंचवटे तेवढे आहेत.

जिथे कुळं टिकली तिथे त्यांनी एक गोष्ट हट्टाने मिळवली. गावन्यायालयाच्या गुंडाळीत आपल्या जमिनीची जी नोंद आहे, तिची नक्कल आपल्या हातात हवी. पुढे राजाची न्यायालयंही ती नक्कल हक्काचा पुरावा म्हणून मानू लागली, आणि कुळाला मनमानीने हुसकावणं मालकाला अवघड झालं. ही कॉपीहोल्ड पद्धत इंग्लंडमध्ये १९२५ च्या अखेरपर्यंत कायद्यात होती.